खुशीने जात नाही

वाडीवरून, लासुर्ण्याजवळ
८ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

पाकिटावरच्या तिरक्या अक्षरावरून पत्र कुणाचं ते तुला कळलंच असणार. तरी फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला दीड वर्ष होत आलं, पण टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पोचपावतीही लावली आहे, तेव्हा मिळालंच नाही असं म्हणू नकोस. आणि वहिनींसमोर मी तुला अहो-जाहो करते, ते इथे करणार नाही. एवढ्या लांबून तेवढी मोकळीक घेते.

काल तुझा रविराज गाडी घेऊन आला होता. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या खाल्ल्या, चहा प्याला, मोबाइल दोनदा चाळला आणि मग एकदाचा बोलला. "आत्या, पप्पांनी सांगितलंय, त्या बाईच्या कागदावर सही करून टाका. तिकिटाच्या टायमाला नसतं लचांड नको." पोराचं तोंड बघवत नव्हतं. जिल्हा परिषदेला उभं राहायचंय तुला आणि निरोप द्यायला पोरगा, ही तुझी जुनी सवय.

तुझ्या कानावर गेलंय ते असं, की राजलक्ष्मीने एक परदेशी बाई गावात लपवून ठेवली. लपवलेली नाही. राजमहंमदभाईंची उसाच्या रोपांची रोपवाटिका तुला माहीत आहे. त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत ती राहते आणि फरिदाभाभी तिला लेकीसारखं सांभाळतात. तिचं नाव हुमैरा, गाव अफगाणिस्तानातलं हेरात. बारामतीला शेतकीचं शिकायला सहा वर्षांपूर्वी आली, रीतसर, शिष्यवृत्तीवर. ती इथे वसतिगृहात असताना तिकडे सरकार पडलं. व्हिसा दोनदा वाढवून मिळाला, मग संपला. वसतिगृह सुटलं तेव्हा भाईंनी तिला घरी आणलं. नवा पासपोर्ट हवा तर तो तिकडच्या नव्या राज्यकर्त्यांकडूनच घ्यायचा. तिच्याजवळ संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतल्या निर्वासित कचेरीचं कार्ड आहे. ती तेवढं एक कार्ड ओढणीच्या आत पिशवीत ठेवून फिरते.

तिकडे सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद आहे. ही रोज सकाळी नऊला रोपवाटिकेच्या शेडमध्ये बसून फोनवरून तिकडच्या चौदा मुलींना गणित आणि विज्ञान शिकवते. उन्हाळ्यात त्यातल्या दोघींचे वडील पकडले गेले आणि शिकवणारीचं नाव फुटलं. तिचा भाऊ आता नव्या सरकारात कामाला आहे. त्याने हिचं लग्न एका अधिकाऱ्याशी ठरवून टाकलं, त्याच्या आधीच्या दोन बायका हयात आहेत. बहिणीने केलेलं पाप तो अधिकारी पोटात घालील, असा सौदा झालाय.

आता माझा मूर्खपणा ऐक. गावात परकं माणूस राहायला आलं की पोलीस पाटलाने वहीत नोंद करायची आणि वर कळवायचं. मी केली, मी कळवलं, सगळं खरं लिहून, कार्डाची झेरॉक्स जोडून. मला वाटलं कागद सरळ असला की माणूस सुखरूप राहतो. तर वरून पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेतले एक साहेब आले ते एक पानाचा छापील कागद घेऊन. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय मायदेशी परत जात आहे." खाली तिची सही, आणि शेजारी गावच्या पोलीस पाटलाची, की माझ्यासमोर विचारलं आणि ती खुशीने जाते आहे. एवढ्या दोन सह्या झाल्या की पंधरा दिवसांत तिला विमानात बसवता येतं. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सव्वीस तारखेला साहेब परत येणार आहेत.

मी सही करणार नाही. रविराजला तोंडी सांगितलंय, पण तो तुझ्यासमोर कचरेल म्हणून लिहिलं.

राजलक्ष्मी


१४ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

पोचपावती परत आली, सही वहिनींची आहे. त्यांनाही नमस्कार.

काल साहेबांचा फोन आला, आवाज एकदम मऊ. म्हणाले, "पाटीलबाई, आता तुमची काळजी मिटली. तिच्या घरच्यांचं हमीपत्र आलंय." राजमहंमदभाईंची साजिया बारामतीच्या कोर्टात वकिली करते, साहेबांनी मोबाइलवर पाठवलेल्या इंग्रजी प्रतीवरून तिने त्याचं मराठी केलं. हिचा भाऊ आणि चार वडीलधारे मिळून लिहून देतात की मुलीला मानाने घरात घेतलं जाईल, मागचं कुणी उकरून काढणार नाही, तिच्यावर कुणी हात उगारणार नाही. खाली शिक्का.

मला हसू आलं, अण्णा. फरिदाभाभींना वाटलं मला काहीतरी झालं. हसू नको तर काय करू? तो मजकूर मला तोंडपाठ आहे. भाषा तेवढी निराळी.

पोरगी सासरहून पळून आली की आपल्याकडे काय करतात ते तुला सांगायला नको. मारुतीच्या देवळात पाच माणसं बसतात. सासरचे स्टॅम्प पेपर घेऊन येतात. इथून पुढे नीट नांदवू, मारहाण करणार नाही, जाच करणार नाही, असं लिहून देतात. मग पोरीला विचारतात, "खुशीनं जातीस ना बाई?" पाच पुरुष बसलेले, बाप खाली मान घालून, आई दाराआड. ती काय सांगणार? "व्हय" म्हणते. मग ओटी भरायची, नवं लुगडं द्यायचं, आणि गाडीत बसवायची. कागद राहतो आपल्या ट्रंकेत आणि पोरगी राहते त्यांच्या घरात.

दोन हजार तीन साली मी अशीच पळून आले, एकवीस वर्षांची होते. तू पलटणीतून सुट्टीवर आला होतास. लेकीला परत पाठवू का, असं आबांनी तुला विचारलं, तू म्हणालास, "लिहून दिलंय की त्यांनी." तूच जीपमधून मला सोडायला आलास. वाटेत वडापाव घेऊन दिलास, तो मी खाल्ला नाही म्हणून रागावलास. चार महिन्यांनी मी उजवं मनगट मोडून परत आले. तेव्हा आबांनी तुला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. दार उघडलं आणि म्हणाले, "आता कुठं जायचं न्हाय." मनगट वाकडंच बसलं, म्हणून अक्षर असं आहे. याबद्दल मी तुला बावीस वर्षांत एक शब्द बोलले नाही. आता बोलले.

नऊ वर्षं पोलीस पाटील आहे मी. असे कागद मीही लिहिलेत, अकरा. गावात लिहिणारी दुसरी कोण आहे? बाकीच्या दहा पोरी नांदतायत. एकीबद्दल इथे लिहीत नाही.

तर हेरातच्या पंचांना माझा नमस्कार सांगा म्हणावं साहेबांना. असल्या कागदावर माझा विश्वास नाही.

राजलक्ष्मी


२० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

आज माझं डोकं फिरलंय आणि ते तुझ्यावर निघणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

सकाळी हुमैरा माझ्या दारात आली. ओसरीवर बसली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, मी सही करते. तुमची नोकरी जाईल. लोक तुमच्या दादांना बोलतात. माझ्यासाठी नको." तिचं मराठी वसतिगृहातलं आणि फरिदाभाभींचं मिळून झालेलं आहे, मला फार आवडतं. आज मात्र ऐकवेना. मी तिच्यावर खेकसले. "तुला काय वाटतं, मी तुझ्यावर उपकार करते? माझ्या दारात येऊन मलाच माफी देतेस?" ती रडली, मग मीही. मग दोघींनी कांदे चिरले, म्हणजे रडायला निदान कारण झालं.

दुपारी राजमहंमदभाईंकडे गेले. भाई शेडच्या दारात उभे होते, हातात पाण्याची नळी तशीच. म्हणाले, "ताई, पोरगी म्हंजी काय रोपाचा ट्रे हाय का, उचलला आन गाडीत टाकला? सहा वर्सं हितं हाय. माझ्या म्हातारीला शेवटचं पाणी हिनं पाजलं." साजिया पुस्तकं मांडून बसली होती. मी तिला म्हटलं, कायद्याचं काय ते सरळ सांग, मला फिरवू नको.

ती म्हणाली, "आत्या, आपल्या देशानं निर्वासितांच्या करारावर सही केलेली न्हाय."

"मग झालंच."

"झालं न्हाय. जगात एक नियम हाय, जिथं माणसाच्या जिवावर बेतंल तिथं त्याला माघारी ढकलायचं न्हाय. आन आपल्या घटनेचं एकविसावं कलम बघा, जगायच्या हक्काचं. तिथं नागरिक असं लिहिलेलं न्हाय. व्यक्ती असं लिहिलंय. हुमैरा व्यक्ती हाय का न्हाय?"

"हाय की."

"मग कोर्टात उभं राहायला जागा हाय. काही कोर्टांनी ऐकलंय, काहींनी न्हाय ऐकलं. खोटं सांगत न्हाय तुमाला. पण तिनं खुशीनं जाते म्हणून सही केली, तर मी काय घेऊन उभी राहू?"

मी घरी येताना विचार करत होते. हा माघारी न ढकलण्याचा नियम जगाने एकोणीसशे एक्कावन्न साली लिहून काढला. आपल्या घरापर्यंत यायला त्याला दोन हजार तीनसुद्धा पुरलं नाही.

आणि तुला तरी हा नियम कुणी शिकवायला हवा का? तू संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून आफ्रिकेत होतास. परत आल्यावर सव्वीस जानेवारीला शाळेत तुझं भाषण झालं, मी पहिल्या रांगेत होते. बायकामुलं तुमच्या तळाच्या फाटकाशी आली, मागून बंदूकवाले येत होते, वरचा हुकूम आला नव्हता आणि तुम्ही फाटक उघडलंत. तू म्हणालास, नि:शस्त्र माणूस दाराशी आला की त्याची टोळी विचारायची नसते, युद्धाचाही कायदा असतो. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मी रडत होते, माझा भाऊ म्हणून. तेव्हा तू खरा होतास, अण्णा, हे मी आजही मानते. मग इथे काय होतं तुला? त्या बायका वहिनींच्या माहेरच्या कुणाच्या सुना नव्हत्या, म्हणून फाटक उघडणं सोपं गेलं का?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

राजलक्ष्मी


२७ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

काल काय झालं ते तुला चार तोंडांनी कळलं असेल. पाचवं माझं.

सव्वीस नोव्हेंबर म्हणजे संविधान दिन. शेजारच्या शाळेत पोरं ओरडून उद्देशिका म्हणत होती. साहेब ग्रामपंचायतीत येऊन बसले, सोबत दोन बायका पोलीस. राजमहंमदभाई आणि साजिया दाराशी उभे. हुमैरा समोरच्या खुर्चीवर. साहेबांनी कागद पुढे सरकवला, पेन दिलं. माणूस वाईट नाही, त्याला हे काम उरकून दुपारी दुसरीकडे जायचं होतं. "बाई, घरचे बोलावतायत, सरकार तिकीट काढून देतंय, अजून काय पाहिजे?"

हुमैराने पेन उचललं.

मी म्हटलं, "थांबा साहेब. माझी सही आहे ती माझ्यासमोर विचारलं म्हणून. मग मला विचारू तर द्या." ते म्हणाले, विचारा. मी तिला विचारलं, खुशीने जातेस का. ती म्हणाली, "हो." मान खाली. दोन हजार तीनमध्ये माझी होती तशीच.

मी पुन्हा विचारलं नाही. त्याने काय होतं ते मला माहीत आहे, माणूस तोच शब्द जास्त जोरात म्हणतो. मी निराळंच विचारलं. "तिकडे गेलीस की सकाळी नऊला काय करशील?"

तिने पेनचं टोपण लावलं. शाळेतली पोरं थांबली होती. मग म्हणाली, "तिथे तेव्हा आठ वाजतात. मुली फोन घेऊन बसतील. मी घेणार नाही फोन. मी नसेनच, बाई." आणि पेन खाली ठेवलं. साहेबांकडे बघून नीट म्हणाली, "मला जायचं नाही. मला तिथे मारतील."

साहेब वैतागले. म्हणाले, तिची सही नसली तरी तुम्ही विचारल्याची सही करा, आम्हाला दाखवायला काहीतरी पाहिजे. मी म्हटलं, करते की. कागद माझ्याकडे ओढला आणि छापील मजकुराच्या खाली माझ्या या तिरक्या अक्षरात लिहिलं: "हिला माझ्यासमोर विचारलं. ही खुशीने जात नाही. परत पाठवल्यास हिच्या जिवाला धोका आहे असं हिने माझ्यासमोर सांगितलं व ते मला खरं वाटतं." खाली नाव, तारीख, आणि पोलीस पाटलाचा शिक्का, चांगला दाबून.

"हे काय केलंत? कागद खराब केलात तुम्ही."

"पुरा केला, साहेब. विचारलं होतं, उत्तर नव्हतं."

साजियाने तिथल्या तिथे फोटो काढला. साहेब चिडले. हुमैराला चौकशीसाठी पुण्याला घेऊन जातो म्हणाले. मी गाडीत जाऊन बसले. उतरा म्हणाले, उतरले नाही. एक पोलीस मुलगी, विशीतली, हळूच सरकली आणि मला जागा दिली. तुझ्या हडपसरवरून गेलो आम्ही. तुझ्या ऑफिसची पाटी दिसली, "सुभेदार सिक्युरिटी". उतरून पाणी प्यावं असं वाटलं, पण तू पाणी दिलं असतंस की नाही याची मला खात्री नव्हती.

तिला तिथल्या एका महिलागृहात ठेवलंय. कार्ड काढून घेतलं नाही, तेवढं मी बघितलं. साजिया मुंबईला हायकोर्टात अर्ज घेऊन गेली आहे, माझ्या त्या चार ओळींचा फोटो जोडून. ऐकतील की नाही, माहीत नाही. नाही ऐकलं तर तिला पाठवतील. मला भीती वाटते आहे, पण केल्याचा पश्चात्ताप नाही.

राजलक्ष्मी


५ डिसेंबर २०२५

अण्णा,

दोन पाकिटं एकाच दिवशी आली. पोस्टमन म्हणाला, "पाटीलबाई, आज लई टपाल."

एक प्रांतांकडची कारणे दाखवा नोटीस. सरकारी कागदावर अनधिकृत मजकूर लिहिला, कामात अडथळा आणला. उत्तर येईपर्यंत निलंबित. शिक्का जमा करायला सांगितलाय. केला. नऊ वर्षं कमरेला खोचून हिंडले तो.

दुसरं तुझं. अर्धा कागद, एक ओळ, मायना नाही. "स्वरूपाचा कागद तूच लिहिलास, आता कुणाला तत्त्वं शिकवतेस?"

पहिल्यांदा वाचलं तेव्हा असा संताप आला की कागद चुलीत घालणार होते. मग घातला नाही, कारण खोटं काय आहे त्यात? तू मला गप्प करायला लिहिलंस, पण लिहिलंस खरं.

आपण दोघंही सगळ्यांना सांगतो की आपलं बोलणं जमिनीवरून बंद आहे, मी हक्कसोडपत्रावर सही दिली नाही म्हणून. ते मागाहून आलं. बरं झालं आलं, आपल्याला सांगायला कारण मिळालं. खरं म्हणजे विहिरीपाशी, स्वरूपाला वर काढली त्या दिवसापासून आपण एकमेकांकडे बघितलेलं नाही.

आज सगळं लिहिते, एकदा लिहिलं की मला मागे घेता येणार नाही. गेल्या साली चैत्रात सारजाची लेक स्वरूपा सासरहून पळून आली. बावीस वर्षांची. नवरा वहिनींच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणून मिटवायची घाई तुला. ती आधी माझ्याकडे आली, पोलीस पाटील म्हणून आणि बाई म्हणून. पोलक्याची गुंडी काढून तिने मला पाठ दाखवली. पट्ट्याचे वळ होते, जुने आणि नवे. मी तक्रार लिहून घ्यायला हवी होती. मी तुझ्याकडे आले. तू म्हणालास, केस केली तर दोन घरं उठतील, लिहून घेऊ त्यांच्याकडून. आणि मी, जिचं मनगट असं आहे, मी स्टॅम्पवर लिहिलं. "मुलगी स्वखुशीने नांदायला जात आहे. तिची कोणतीही तक्रार नाही." माझं अक्षर, पंचांत पहिली सही माझी, दुसरी तुझी. देवळात तिने हात जोडले तेव्हा बाही वर गेली आणि मनगटावरचा चटका तूही बघितलास. तू मान वळवलीस, मी बघत होते.

निघताना ती मला म्हणाली, "ताई, तुमी बी जाच म्हणताय व्हय?" मी म्हणाले, "जा. मी हाय."

अडतिसाव्या दिवशी ती विहिरीत सापडली. सासरच्यांनी सांगितलं, पाय घसरला, आणि पुरावा म्हणून आपला कागद दाखवला. बघा, काही तक्रार नव्हती, खुशीने आलेली. फाइल बंद झाली, माझ्या अक्षराच्या जोरावर. मला कुणी एक शब्द विचारला नाही. मीही वळांबद्दल सांगितलं नाही, ना पोलिसांना, ना सारजाला. सारजा अजून माझ्या दारावरून जाताना "बऱ्या हाय का ताई" म्हणून विचारते. मी आत जाते.

तर तत्त्वं कुणाला शिकवते, याचं उत्तर: आधी मला. मला उशिरा कळलं. हुमैराच्या वेळी तरी कळलं. पण तू म्हणतोस ते बरोबर आहे, एका कागदावर खरं लिहून दुसरा ट्रंकेत ठेवता येत नाही.

राजलक्ष्मी


१७ डिसेंबर २०२५

अण्णा,

आधी चांगली बातमी. हायकोर्टाने अर्ज ऐकायला घेतला. निकाल लागेपर्यंत हुमैराला देशाबाहेर पाठवायचं नाही. तिने वाडीतच राहायचं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची. साजिया म्हणते, फार उड्या मारू नका आत्या, हा तात्पुरता हुकूम आहे, उलटूही शकतो. मी म्हटलं, उलटेल तेव्हा बघू. न्यायाधीशांनी माझ्या चार ओळी वाचून विचारलं म्हणे, की या पाटीलबाई कोण? सरकारी वकील म्हणाले, निलंबित आहेत. न्यायाधीश म्हणाले, ते दिसतंच आहे.

रविवारी तिला घेऊन आलो. फरिदाभाभींनी दारात तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सोमवारी सकाळी नऊला ती शेडमध्ये फोन घेऊन बसली. चौदातल्या अकराच मुली उरल्यात. तिघींचं काय झालं ते कळत नाही, आणि ती विचारतही नाही, पाढे घेते.

मी मात्र सोमवारी सारजाकडे गेले. ती ज्वारीला पाणी देऊन नुकतीच आली होती, पाय चिखलाने भरलेले. मी उंबऱ्याच्या बाहेरच बसले आणि सगळं सांगितलं. वळ सांगितले, चटका सांगितला, "मी हाय" म्हणाले ते सांगितलं. मध्ये एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. मला वाटलं होतं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने हातातलं खोरं भिंतीला लावलं. मग म्हणाली, "दीड वरीस तू मला तोंड दावत हुतीस." एवढंच. आत गेली. मला वाटलं दार लावील. ती पाय धुऊन, चप्पल घालून बाहेर आली. "चल. कुठं सांगायचं हाय ते तितं सांग. माझ्या म्होरं सांग." तिने मला माफ केलेलं नाही, आणि करेल असंही दिसत नाही. ठाण्यापर्यंत एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही.

मी लेखी जबाब दिला, सहा पानं. मूळ स्टॅम्प ट्रंकेतून काढून सोबत जोडला. "मुलगी खुशीने गेली असं मी लिहिलं. ते खोटं होतं. लिहिताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं." ठाण्यातले नवे साहेब तरुण आहेत. दोनदा वाचलं. म्हणाले, "बाई, यात तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो." मी म्हटलं, होऊ द्या. पाटीलकी आता परत मिळणार नाही, तीही गेली समज. मला या गोष्टींची भीती वाटायची, आता वाटत नाही, असं नाही. वाटते. पण सारजाला तोंड चुकवण्यापेक्षा ही बरी.

फाइल उघडतायत. पंचांना बोलावलंय. पाचांपैकी दोघे वारले, एक अंथरुणाला खिळलेला. उरलो तू आणि मी. तुला समन्स येईल तेव्हा येईल, मी आधी कळवते आहे, म्हणजे वहिनींच्या माहेरच्यांना पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं असं सांगता येईल. तिकीट मिळतं की नाही ते तुझं तू बघ. त्या चटक्याबद्दल ठाण्यातले साहेब तुला विचारणार आहेत. मी काय बघितलं ते मी सांगितलं. तू मान वळवलीस तेही सांगितलं. तू काय सांगायचं ते सांगणार नाही, मी तुझी बहीण आहे, वकील नाही.

तुला बोलावलंय मंगळवारी, तेवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता. ठाण्याच्या आवारात बाहेर एक लाकडी बाक आहे, त्यावर मी दहापासून असेन आणि माझ्या शेजारी सारजा. आत जायला दार एकच आहे, अण्णा. आमच्यासमोरूनच जावं लागतं.

राजलक्ष्मी